रटाळ सामना बोलता येतो का?

ताई,

मी २८ वर्षांची. पाच वर्षं संगीताच्या मोठ्या टूर्सवर मॉनिटर सांभाळते. म्हणजे प्रेक्षकांना ऐकू येतो तो आवाज माझ्याकडे नसतो. स्टेजवरच्या गायक-वादकांच्या कानात जे जातं ते माझं काम. मागच्या टूरचे ७१ शो केले. पुढच्या टूरचं विचारणं आलंय, नऊ महिन्यांची आहे. तालमी दोन महिन्यांनी सुरू.

दुसरीकडे, कॉलेजात असताना मी फुटबॉलची कॉमेंट्री करायचे. मैदानाच्या कडेला उभं राहून, हातात माईक घेऊन. मग ते सुटलं. मध्यंतरी एका ओळखीच्या निर्मात्याने मला एका जुन्या सामन्यावर बडबडताना ऐकलं. आता तो म्हणतोय, महिलांच्या लीगचे बारा सामने कर, सहा आठवडे, ट्रायल म्हणून. मैदानावर जायचं नाही, स्टुडिओत पडद्यावर बघून बोलायचं. पैसे टूरच्या मानाने अगदीच किरकोळ. पुढचं आश्वासन काही नाही. आणि तारखा नेमक्या तालमींवर येतात.

आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. टूर मॅनेजर म्हणतो, एकदा गेलीस की तुझी जागा भरली जाणार. खरं सांगू का, सगळं सुरळीत चाललं की शोमध्ये मला कंटाळा येतो. वायरलेस गेलं, कोणाचा कंबरेला लावलेला बेल्टपॅक (कानात आवाज पोचवणारा डबा) बंद पडला, की मग मी जागी होते. म्हणूनच मला सामना हवाय बहुतेक. तिथे पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नसतं. शिवाय हल्ली शोनंतर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. त्याचं एवढं काही नाही.

काय करू?

दोन कानांच्या मधली

•

प्रिय 'दोन कानांच्या मधली',

तू जाता जाता शेवटी टाकलेली गोष्ट मी सगळ्यात आधी उचलते. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एवढं कळलंय की खरं दुखणं बहुतेक वेळा 'शिवाय'च्या नंतर येतं. शिवाय कानात शिट्टी वाजते, आणि त्याचं एवढं काही नाही.

आहे गं बाई. खूप काही आहे.

आवाजाचं गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी मांडते. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, त्याच्या वर नको. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला जेमतेम १५ मिनिटं. तुझा नुसता साउंड चेक तरी १५ मिनिटांत उरकतो का? अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. त्यातली एक मेली की माणसाच्या कानात तिच्या जागी दुसरी येत नाही. सकाळी शिट्टी थांबली आणि ऐकू नीट यायला लागलं, तरी आत इजा झालेली असू शकते. २०१६ साली एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना डॉक्टरांनी सांगितलं की आत्ताच्या आत्ता थांबा, नाहीतर पूर्ण बहिरेपणाची वेळ येईल. टूर अर्ध्यात होती. उरलेल्या शोंना ॲक्सल रोझ गायला उभे राहिले. तुझा मॅनेजर म्हणतो ते खोटं नाही, टूर कोणासाठी अडून राहत नाही. पण मग त्याच न्यायाने तूही टूरसाठी कान गहाण टाकायचं कारण नाही.

तेव्हा या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. तू टूरवर जा नाहीतर कॉमेंट्रीला जा, दोन्हीकडे पोट कानावरच चालणार आहे. समालोचकाच्या एका कानात मैदानाचा गोंगाट असतो, दुसऱ्यात दिग्दर्शक सतत काहीतरी सांगत असतो. एक कान अधू असलेला माणूस तिथे पहिल्याच मध्यंतरापर्यंत उघडा पडतो. आणि हो, स्टेज उतरवताना, ट्रक भरताना लोखंडावर लोखंड आपटत असतं तेव्हाही कानात प्लग ठेवत जा. साउंडवाली माणसं शोमध्ये कान जपतात आणि सामान भरताना उघडे ठेवतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता कंटाळ्याकडे येऊ, कारण तुझं पत्र मला तिथेच अडलेलं दिसतं.

सगळं सुरळीत चाललं की तुला कंटाळा येतो, काही बिघडलं की तू जागी होतेस, म्हणून तुला सामना हवा. ऐकायला हे सरळ वाटतं. पण सामन्याबद्दलची तुझी कल्पना मला हायलाइट्स बघून झालेली वाटते. पुरुषांच्या २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, आणि तो त्या स्पर्धेतला तोवरचा विक्रम होता. विक्रमी स्पर्धा, तरी सामन्याला तीन गोलसुद्धा पडत नाहीत. नव्वद मिनिटांतली दीड-दोन मिनिटं गोलांची धर. उरलेल्या वेळात काय चालतं? चेंडू मागे, चेंडू आडवा, थ्रो-इन, कोणीतरी पोटरी धरून बसलंय, पुन्हा चेंडू मागे. तुझे बारा सामने एका लहान लीगचे आहेत. त्यातले चार तरी असे असतील की चाळीसाव्या मिनिटाला तुलाच घड्याळाकडे बघावंसं वाटेल. टूरवर कंटाळा आला तर तो तुझ्या पोटात राहतो, फेडरवरचा, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवरचा, हात चालू असला की झालं. कॉमेंट्रीत कंटाळा आवाजात उतरतो आणि पलीकडच्याला तो लगेच कळतो.

मी कॉमेंट्री बॉक्समध्ये आठ वर्षं बसले. माईकसमोर नाही, माईकच्या शेजारी, आकडे लिहायला आणि चिठ्ठ्या सरकवायला. एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळपासून पाऊस, दोन्ही संघ तळाचे, साठावं मिनिट, शून्य-शून्य. काचेवर इतकी वाफ धरलेली की मी दर दोन मिनिटांनी बाहीने पुसत होते. शेजारच्या समालोचकांनी बोलता बोलताच माझ्याकडे कागद सरकवला. त्यावर फक्त, '४ नंबर. नाडी.' मी दुर्बीण लावली. डाव्या बाजूचा बचावपटू गुडघ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता, ओला हातमोजा दातांनी ओढून काढला होता त्याने. मी मागे टिपलेलं पाहिलं, त्या अर्ध्यात ही तिसरी वेळ. समालोचकांनी लगेच त्यावर काही म्हटलं नाही. बारा मिनिटं ते तसंच ठेवून दिलं. मग तोच पाय घसरला, समोरची विंगर मोकळी सुटली, असं मी आता लिहून गेले, विंगर मुलगा होता, पुरुषांचा सामना होता तो. तर विंगर सुटला, आणि त्याच क्षणी समालोचक शांतपणे म्हणाले, "मध्यंतरापासून तो त्या बुटाशी झगडतोय." क्रॉस आला तो गोलपोस्टच्या वरून गेला. सामना शून्य-शून्यच सुटला. पण ऐकणाऱ्याला वाटलं असणार की या माणसाला मैदानावरचं सगळं माहीत आहे.

म्हणून तुझी परीक्षा मी अशी घेईन. गाजलेला सामना मुळीच घेऊ नकोस. तुला कोणी ओळखीचं नाही अशा दोन संघांचा, शून्य-शून्य सुटलेला, एक अख्खा सामना शोध. आवाज बंद कर, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बोल. मधे थांबायचं नाही, मागे जाऊन बघायचं नाही. असे तीन सामने कर, तीन वेगळ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून ऐकू नकोस, सरळ ६५व्या मिनिटावर जा. सुरुवातीला सगळेच बरे बोलतात. ६५ ते ८० या पट्ट्यात तू काय करतेस ते ऐक. तेच चार शब्द फिरून फिरून येतात का? जे पडद्यावर दिसतंच आहे ते वाचून दाखवतेस का? उगाच आवाज चढवतेस का? की तुला अजून काही नवीन दिसतंय?

तीन सामन्यांनंतर चौथा करावासा वाटला तर पुढचं वाच. नाही वाटला तर बिनदिक्कत टूरवर जा आणि मनाला अजिबात लावून घेऊ नकोस. मग तुला कॉमेंट्री आवडते ती ऐकायला आवडते, असं समज. त्यात वाईट काही नाही, मलाही ती तशीच आवडते. मी आठ वर्षं शेजारी बसले आणि एकदाही माईक मागितला नाही.

तू पुढचं वाचशील असं मला वाटतंय, आणि त्याचं कारण तुझे ते ७१ शो. तुला ते ओझं वाटतायत. मला ती तालीम वाटते. तेच गाणं ७१व्या वेळी चालू असताना गायिकेचा हात कानाकडे जायच्या आधी तुला कळायचं ना, तिला काय कमी पडतंय ते? ड्रमरने नुसती भुवई उचलली की क्लिक (तालाची टिकटिक) वाढवायचा, बेसवाल्याने खाली बोट केलं की कीबोर्ड कमी करायचा. माणसाच्या अंगाकडे बघून पुढचं ओळखण्याचं हे काम तू पाच वर्षं अंधारात उभी राहून केलंयस. बिघाड झाल्यावर तू जागी होतेस म्हणतेस, पण तू आधीपासून जागी नसतीस तर बिघाड सेकंदात हाताळता आला असता का? कंटाळा आला तरी नजर ढळू न देणं हेच तर लागतं इथे.

तुझ्या कामाला कोणी नाव ठेवलं तर त्यांना बीटल्सची आठवण करून दे. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर माणसं होती, आणि किंचाळ्यांत त्या चौघांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. स्टेजवर मॉनिटर हा प्रकारच तेव्हा रुळलेला नव्हता. २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि टूर कायमच्या बंद केल्या. कारणं बरीच होती, पण स्वतःला ऐकू न येणं हे त्यातलं एक होतं. असो, विषय भरकटला.

स्टुडिओत बसून बोलायचं म्हणून तू जरा हिरमुसलेली दिसतेस. नको. ही पद्धत कॉमेंट्रीच्या जवळजवळ जन्मापासूनची आहे. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि सिडनीच्या स्टुडिओत बसलेले समालोचक तारेने आलेल्या मजकुरावरून सामना 'दाखवत' होते. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज म्हणजे लाकडावर आपटलेली पेन्सिल. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३०च्या दशकात रेडिओवर बेसबॉलची अशीच कॉमेंट्री करायचे. एकदा तार मधेच बंद पडली. आता काय? त्यांनी फलंदाजाला फाऊलवर फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारायला लावले, तार पुन्हा सुरू होईपर्यंत, सहा मिनिटांच्या वर. ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. तुला असं काही करायची पाळी येणार नाही, आणि आली तर करू नकोस. चित्र गेलं तर चित्र गेलं असं सांगायचं. पण तुझी अडचण वेगळी असेल. दिग्दर्शक दाखवेल तेवढंच तुला दिसेल. तो प्रशिक्षकाचा चेहरा दाखवत असताना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बदली खेळाडू आत आलेली असेल. म्हणून निर्मात्याकडे आत्ताच एक गोष्ट माग: दुसऱ्या पडद्यावर अख्खं मैदान दाखवणारा एकच स्थिर कॅमेरा. पैसे वाढवून मागण्यापेक्षा हे माग. आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावं कशी उच्चारायची ते संघाच्या माणसांना फोन करून विचार, अंदाजाने म्हणू नकोस. एखादीचं नाव बारा सामने चुकीचं घेतलंस तर तिच्या घरचे ते जन्मभर विसरत नाहीत.

किती बोलायचं याबद्दल दोन शब्द. रेडिओवरचे बेसबॉल समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे, ते उलटताना स्कोअर सांगायची आठवण राहावी म्हणून. ऐकणारा माणूस मधेच येतो, त्याला काहीच दिसत नसतं. टीव्हीवर स्कोअर कोपऱ्यात असतोच, तिथे उलटं कौशल्य लागतं. ८ एप्रिल १९७४ला बेसबॉलमध्ये हँक ॲरन यांनी ७१५वा होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला, तेव्हा समालोचक विन स्कली यांनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं आणि मग माईकपासून उठून मागे जाऊन उभे राहिले. लोकांचा जल्लोष तेवढा ऐकू येत राहिला. स्कली त्या वेळी २४ वर्षं हे काम करत होते, आणि पुढे २०१६पर्यंत करत राहिले, एकाच संघासाठी ६७ हंगाम. गप्प कधी बसायचं हे तुला सोपं जाईल. मॉनिटरवाल्याचं निम्मं आयुष्य फेडर खाली ओढण्यातच जातं.

आता करिअर म्हणून या कामाची दुखरी बाजू. तू माजी खेळाडू नाहीस. कॉमेंट्री बॉक्समधली तज्ज्ञाची खुर्ची जवळपास नेहमी माजी खेळाडूकडे जाते, त्यामुळे ती तुझी नाही, आणि तिच्याकडे बघत वर्षं घालवू नकोस. तुझी खुर्ची मुख्य समालोचकाची, खेळ सांगणाऱ्याची. तज्ज्ञाला 'का' विचारायचं, 'काय' आपण सांगायचं. गंमत म्हणजे ज्याला खेळाडू म्हणून सगळं आयतं मिळालं असतं अशा ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट कर्णधार रिची बेनॉ यांनीही हे काम आयतं घेतलं नाही. १९५६चा इंग्लंड दौरा संपल्यावर ते मागे राहिले आणि बीबीसीत प्रशिक्षण घेतलं. शेवटची कसोटी खेळले १९६४ साली. म्हणजे आठ वर्षं आधीपासून तयारी.

आणि त्याच बेनॉंच्या बाबतीत दुसरी गोष्टही झाली. इंग्लंडमधल्या कसोटींचे हक्क फुकट दिसणाऱ्या वाहिनीकडून पैसे भरून बघायच्या वाहिनीकडे गेले, आणि २००५च्या ॲशेसनंतर बेनॉंनी तिथली कॉमेंट्री थांबवली. चाळीसएक वर्षांचा आवाज, खेळपट्टीही तीच, पण हक्क हलले. या धंद्यात समालोचकाची नोकरी त्याच्या आवाजाइतकीच प्रक्षेपणाच्या करारावर उभी असते. तुझ्या निर्मात्याला स्पष्ट विचार, या लीगचे हक्क त्यांच्याकडे किती हंगाम आहेत? उत्तर देताना तो घुटमळला तरी तुला उत्तर मिळालेलं असेल.

आईंची म्हण मला मान्य आहे, फक्त त्यात 'हातचं' कोणतं ते नक्की करायला हवं. टूर नऊ महिन्यांची, दहाव्या महिन्यात तू पुन्हा फोनची वाट बघत बसणार. मार्च २०२०मध्ये जगभरच्या टूर एका आठवड्यात गुंडाळल्या गेल्या हे आईंना आठवत असेल. खेळही थांबला, पण जर्मनीची फुटबॉल लीग १६ मेला रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली आणि पुढे कितीतरी समालोचक घरून बोलले. यावरून खेळ सुरक्षित आणि संगीत असुरक्षित असं मी म्हणत नाहीये. तुझ्या हातात यातलं काहीच पक्कं नाही, एवढंच आईंना सांग. पक्कं काही असेल तर ती तुझी कारागिरी, आणि सहा आठवड्यांत ती गंजत नाही.

मॅनेजरच्या बोलण्याचं काय? यावर तुला गेल सिअरन्स यांची हकीकत सांगते. फ्लोरिडातल्या एका स्थानिक वाहिनीवर त्या बातम्या द्यायच्या. २७ डिसेंबर १९८७ला त्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल सामन्याचं वर्णन केलं, ते करणाऱ्या पहिल्या महिला. काम चांगलं झालं, पुढच्या हंगामाचे आणखी सामने देऊ केले गेले. पण बातम्यांच्या नोकरीकडून सांगण्यात आलं, दोन्हीपैकी एक निवडा. त्यांनी बातम्या निवडल्या आणि २०१५मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. त्यानंतर एनएफएलच्या नियमित हंगामात बाईचा आवाज वर्णन करताना पुन्हा ऐकू आला तो २०१७मध्ये, बेथ मोविन्स यांचा. तीस वर्षं. सिअरन्स चुकल्या असं मला मुळीच म्हणायचं नाही, घरदार बघून माणूस निर्णय घेतो. पण ही दारं पुन्हा कधी उघडतील त्याचा हिशेब कोणाकडे नसतो, हे मात्र त्यातून दिसतं.

आणि छोट्या लीगला नाक मुरडू नकोस. ५ फेब्रुवारी १९७२ला बीबीसीने हेरफर्ड विरुद्ध न्यूकॅसल या सामन्याला जॉन मॉटसन नावाच्या नवख्या मुलाला पाठवलं, कारण तिथे फारसं काही घडेल अशी अपेक्षाच नव्हती. चिखलातून रॉनी रॅडफर्डने लांबून गोल मारला, बिगरलीग, म्हणजे मुख्य लीगबाहेरच्या, हेरफर्डने बलाढ्य न्यूकॅसलला हरवलं, आणि मॉटसन रात्रीत माहितीचे झाले.

तर माझं मत असं. कानाचा रिपोर्ट बरा आला आणि ते तीन रटाळ सामने तू पार पाडलेस, तर बारा सामने घे. टूरला अर्धवट होकार देऊ नकोस. तालमी चुकवून थेट पहिल्या शोला हजर होईन, असला तोडगा तुझ्या मनात आला असेल, तर तो काढून टाक. सगळ्यांच्या कानातलं मिक्स तालमीतच बांधलं जातं, तिथे नसलेल्या माणसाने शो चालवणं हा वादकांवर अन्याय आहे. प्रॉडक्शन मॅनेजरला याच आठवड्यात फोन कर. "पहिला टप्पा मी करू शकत नाही, माझ्याऐवजी ही मुलगी, तिला मी ओळखते, माझ्या सगळ्या शो फाइल्स आणि कोणाला काय लागतं याची वही मी तिला बसून समजावून देते. दुसऱ्या टप्प्याला मी हवी असेन तर सांगा." तालमींच्या दोन महिने आधी असं सांगणारीला लोक पुन्हा बोलावतात. दोन आठवडे आधी सांगणारीला नाही, आणि बरोबरच आहे ते.

करारात तीन गोष्टी बघ. सामना रद्द झाला तर मानधन मिळतं का? तुझं रेकॉर्डिंग ते पुन्हा किती ठिकाणी वापरणार? आणि तुझ्या आवाजाची यंत्राकडून नक्कल करून घ्यायचा हक्क कुठल्या बारीक अक्षरात लपलाय का? २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेत नामांकित समालोचक अल मायकल्स यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल वापरून रोजचे सारांश तयार केले गेले. त्यांची त्याला संमती होती, आणि त्यांच्या नावाला वजन होतं. तुझं अजून नाही. 'फक्त या बारा सामन्यांपुरतं' असं लिहून घे.

आवाजाचं एक सांगून थांबते. बंद हेडफोन लावून गोंगाटात बोललं की माणूस नकळत ओरडायला लागतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दाखवून दिलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. नवशिके समालोचक याच कारणाने तिसऱ्या सामन्यापर्यंत घसा बसवून घेतात आणि वर कोमट पाणी पीत बसतात. तुला औषध माहीत आहे. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये थोडा वर, मैदानाचा खाली, दिग्दर्शक एकाच कानात. पाच वर्षं दुसऱ्यांच्या कानात मिक्स घातलंस, आता पहिल्यांदा स्वतःसाठी बनव. स्टुडिओतला तंत्रज्ञ आढेवेढे घेईल, त्याला गोड बोल, तूही त्याच जातकुळीतली आहेस.

आणि समोरच्या डब्यावर दोन बटणं असतील, एक खोकल्यासाठी माईक बंद करणारं, दुसरं दिग्दर्शकाशी बोलायचं. दोन्ही सारखी, शेजारी शेजारी. माझ्या हातून एकदा चुकीचं दाबलं गेलं होतं. आमचे समालोचक रेफ्रीबद्दल जे म्हणाले ते फक्त मला ऐकायला होतं आणि ऐकलं सगळ्यांनी. त्यांनी मला शब्दाने दुखावलं नाही, पण त्या दिवशीचे पुढची चाळीस मिनिटं मी पेन हातात धरून नुसती बसले होते. तुझ्या बॅगेत गॅफर टेप असणारच. जाशील तेव्हा खोकल्याच्या बटणावर त्याचा छोटा तुकडा लाव, बोटाला न बघता कळेल असा.

तुझी ताई